खडूच्या डोंगरातलं पाणी

हेन्लीच्या स्टेशनवर उतरताना भाच्यानं पाठपिशवीत पाण्याच्या चार बाटल्या कोंबल्या, तेव्हा आत्याला हसू आलं. "एवढं ओझं कशाला? वाटेत ओढा लागंलच की." मे महिन्याचा पहिला आठवडा. समोर चिल्टर्नच्या टेकड्या पोपटी पालवीनं मढलेल्या. माणदेशात पाण्याच्या टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेल्या बाईला एवढ्या हिरव्या मुलखात पाण्याची चिंता कशी सुचावी?

भाचा रेडिंगला राहतो आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी या टेकड्या धुंडाळतो. आत्या सहा महिन्यांसाठी आलेली. एवेल्म गावापर्यंत वीसेक किलोमीटर चालायचं, असं त्यानं चाचरत सांगितलं. तिनं वारीतले मुक्काम मोजले आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.

तिची पहिली अडचण वेगळीच होती. पिवळ्या बाणाची पाटी थेट गव्हाच्या उभ्या शेतात घुसत होती. "दुसऱ्याच्या रानातनं कसं जायचं?" इथे मात्र शेत खासगी असलं तरी त्यातली पायवाट सार्वजनिक असते. शेतकऱ्यानं नांगरली तरी ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखातली आत्या त्या शेतातून अंग चोरूनच चालली.

ग्रेज कोर्ट या जुन्या वाड्याच्या आवारात तिला पहिला धक्का बसला. विहिरीवर पुरुषभर उंचीहून मोठं लाकडी चाक. गाढवानं त्याच्या आत शिरून चालत राहायचं, चाक फिरायचं आणि खोल तळातून पोहरा वर यायचा. हिरव्यागार डोंगरात पाण्यासाठी गाढव जुंपायची वेळ का यावी?

कारण पायाखाली आहे. हे डोंगर खडूचे, म्हणजे चुनखडीच्या मऊ, पांढऱ्या, सच्छिद्र जातीचे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात टाकं खोदलं की पाणी साठून राहतं. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना त्याला साक्ष आहेत. इथे पाऊस पडतो आणि मुरून खोल जातो. माथ्यावर जिथे चिकणमातीचा थर आहे तिथे तेवढी डबकी साठतात. वरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच गढूळ पाणी प्यायलं.

पुढे बीचचं जंगल लागलं. झाडांखाली ब्लूबेलच्या फुलांची निळाई पसरली होती. एकेकाळी इथे बॉजर नावाचे कारागीर रानातच ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातत आणि ते हाय विकमच्या कारखान्यांत जात. डोक्यावर तांबूस, दुभंगल्या शेपटीच्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडातून त्या नामशेष झाल्या होत्या. 1989 पासून पाच-सहा वर्षांत स्पेनहून आणलेली पिल्लं इथे सोडली, आणि आता त्यांना कुणी मान वर करूनही बघत नाही.

स्टोक रो गाव लागलं तेव्हा दोन बाटल्या संपल्या होत्या. गारगोट्या आणि विटांची घरं, आणि रस्त्याकडेला अचानक एक घुमट. लोखंडी खांब, खाली रहाट, त्यावर सोनेरी हत्ती! काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी बांधून दिलेली ही विहीर 1864 मध्ये खुली झाली. 368 फूट खोल, रुंदी जेमतेम चार फूट, म्हणजे आडच म्हणायचा, आणि सगळा हातानं खणलेला. या भागातले एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. 1831 साली त्यांनी आझमगढकडे लोकांसाठी विहीर खणवली होती. आपल्या गावाकडच्या पाणीटंचाईच्या गोष्टी त्यांनी महाराजांना सांगितल्या होत्या. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईनं झोडपलेल्या पोराचीही. महाराजांना ती आठवण राहिली. विहिरीच्या डागडुजीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली गेली. 1857 नंतरच्या या दानात राजनिष्ठेचा वास आहे, हे भाच्याचं म्हणणं चूक नाही. आत्यानं ते ऐकून सोडून दिलं. कठड्यावर वाकून ती एवढंच म्हणाली, "पोराला मारणारी ती बाई आमच्याकडची वाटती."

नफील्डनंतर लोहयुगातला मातीचा लांबच लांब बांध लागला. ग्रिम्स डिच त्याचं नाव. त्यावरून झपाझप चालत ती एवेल्मच्या उतारावर आली. कवी चॉसरच्या नातीनं, ॲलिसनं, नवऱ्यासह 1437 मध्ये तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी काढलेला विटांचा आश्रम तिथे अजून नांदता आहे. आवारातल्या चर्चमध्ये ॲलिसची अलाबास्टर दगडाची समाधी आहे, पण तिकडे जायला आत्या तयार होईना. ती खाली रस्त्याकडेला उभी होती. तिथे पाणी होतं.

नितळ, थंड, तळातला खडा न्‌ खडा दाखवणारं. वर मुरलेला पाऊस डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतो. एवेल्म या नावाचा जुन्या इंग्रजीतला अर्थच पाण्याचा उगम. या झऱ्यांवर इथे शंभरेक वर्षं वॉटरक्रेस ही पालेभाजी पिकवली जात होती. आत्यानं पदर खोचून हात-पाय धुतले. बुटांवरची पांढरी माती मात्र हटेना.

हा ओढा बेन्सनला थेम्सला मिळतो आणि तिथून बिनतिकीट लंडनला जातो. भाच्याची शेवटची बस दहा मिनिटांपूर्वी सुटली होती.