श्वासाशेजारचा विसावा

चँडलरमध्ये जुलैच्या भर दुपारी हीटर चालू असलेलं घर शोधायचं असेल, तर फायटर मासा पाळलेल्या घरात डोकावावं. बाहेर अ‍ॅरिझोनाचं वाळवंट तापलेलं असतं. 2023च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्समध्ये पारा सलग 31 दिवस 110 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 43 सेल्सिअसला, टेकत किंवा तो ओलांडत राहिला होता. आत मात्र एसी असा चालतो की अंगावर शाल घ्यावीशी वाटावी, आणि टेबलावरच्या 20 लिटर पाण्याला खोलीचा गारवा लागायला वेळ लागत नाही. थायलंडच्या दमट सखल प्रदेशातल्या या माशाला पाणी साधारण 25 ते 27 अंश सेल्सिअस लागतं, म्हणून वाळवंटात हीटर. कुत्र्यामांजराचा व्याप नको म्हणणाऱ्या घरात मुलांच्या हट्टावर हा मासा सोपा तोडगा ठरतो, आणि त्याच्यासोबत दुकानातून आणखी एक वस्तू घरी येते: रबरी चकतीने काचेला चिकटवायचं रुंद प्लास्टिकचं पान. त्याला हॅमॉक म्हणतात, माशाचा झोपाळा. कोकणातल्या ओटीवरचा झोपाळा आठवून मराठी माणसाला हसू आलं तर नवल नाही. पण ते पान काचेवर किती उंचीला लावलं, यावरच ती वस्तू खेळणं ठरते की गरज, आणि त्या उंचीचा विचार केला की विसावा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

फायटर म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स. हे शास्त्रीय नाव चार्ल्स टेट रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने 1910 मध्ये दिलं. थायलंडने 2019 मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. नाव लढवय्याचं असलं तरी त्याच्या देहाचं खरं वैशिष्ट्य श्वासात आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला घड्याघड्यांचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक अवयव असतो. त्या चक्रव्यूहासारख्या रचनेवरूनच त्याला लॅबिरिंथ म्हणतात. प्राणवायू कमी असलेल्या साचल्या पाण्यात नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, म्हणून हा मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि तो या अवयवात साठवतो. पृष्ठभागाची वाट बंद झाली तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. आपल्याला झोपेत श्वासासाठी उठावं लागत नाही, जिना चढून गच्चीवर जावं लागत नाही. फायटरला थोड्याफार फरकाने तेच करावं लागतं. टाकीच्या तळाशी मऊ वाळूवर तो निजला, तर ते अंथरूण त्याच्या हवेपासून सगळ्यात लांब असतं. त्याच्यासाठी विसाव्याची जागा मऊपणाने ठरत नाही, अंतराने ठरते. पृष्ठभागाखाली दोन-तीन बोटांवर लावलेलं पान म्हणजे पुढचा श्वास अगदी उशाशी आणून ठेवणं.

हे अंतर लांबवण्यात माणसाचाही हात आहे. रानातला फायटर दिसायला साधा, आखूड परांचा, चपळ असतो. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, आधी झुंजीसाठी आणि पुढे शोभेसाठी पिढ्यानपिढ्या निवडून त्याची पैदास झाली, आणि हौशी लोकांनी पर वाढवत वाढवत शेपटी अशी घडवली की उलगडली की पूर्ण अर्धवर्तुळ, 180 अंशांचं. दुकानात हाफमून नावाने विकला जातो तो हाच. दिसायला देखणा खरा, पण एवढा पसारा ओढत वर जाणं म्हणजे धोतराचा सोगा सुटलेला असताना जिना चढणं आहे. लांब परांचे मासे लवकर दमतात, आणि कडक प्लास्टिकच्या कडेला घासून त्यांचे पर फाटतात. शोभा आपल्या दिवाणखान्याची, ओझं त्याच्या पाठीवर. म्हणून झोपाळ्याचं ते पान मला लाडाची चीज वाटत नाही. आपणच चढवलेल्या ओझ्याचा तो छोटासा परतावा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा तर भातखाचरातला मासा, डबक्यात राहणारा, त्याला एवढे सोपस्कार कशाला? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये तो पाव लिटर पाण्याच्या पिशवीत विकायला टांगलेला असतो, आणि अमेरिकेतल्या दुकानांत प्लास्टिकच्या पेल्यात, जगतोच ना? या युक्तिवादात भातखाचराचं एकच माप धरलं आहे, खोली. खाचर उथळ असतं, पण ते एकरभर पसरलेलं असतं, आणि त्यात रोपं, गवत, पाणवनस्पती यांची दाटी असते. म्हणजे तिथे हवा जवळ असते, आणि टेकायला बुंधेही जवळ असतात. गोल बरणीत पहिली गोष्ट मिळते, दुसरी मिळत नाही. उंच टाकीत जागा मिळते, पण हवा दूर जाते. खाचराचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा: उथळपणा आणि आधार दोन्ही एकत्र. रुंद पान उंचावर लावलं की टाकीत खाचराचा तेवढा तुकडा तयार होतो. पिशवीतला मासा जगतो, यावरून एवढंच सिद्ध होतं की त्याच्या श्वासाची सोय पिशवीतही होते. टिकाव धरणं आणि विसावणं यांतलं अंतर त्या पिशवीला मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बारकाईचा आहे. आपल्याला झोपाळा आवडतो म्हणून आपण माशाला झोपाळा देतो. हे आपलं मन त्याच्यावर लादणं नव्हे का? शंका रास्त आहे, आणि 'हॅमॉक' या नावापुरती ती खरीही आहे. पण पुरावा नावात शोधू नये, वागण्यात शोधावा. टाकीत कोणतंही पान नसेल तर फायटर हीटर आणि काच यांच्या फटीत, फिल्टरच्या नळीमागे, सापडेल तिथे अंग टेकतो; कधी तिथेच अडकतो, कधी हीटरला चिकटून भाजतो. म्हणजे टेकण्याची ओढ त्याची स्वतःची आहे, आपण फक्त ती कुठे पुरी व्हावी एवढं ठरवतो. कुणी म्हणेल, पानावर पडून राहणारा मासा आजारी असला तर कळणार कसं? उलट त्यामुळेच लवकर कळतं. रोज दिवे मालवल्यावर पानावर येणारा आणि सकाळी दाण्यांकडे धावणारा मासा एक दिवस धावला नाही, तर बदल लक्षात येतो. ज्याच्या विसाव्याची जागा ठाऊक आहे, त्याचा अस्वस्थपणा ओळखू येतो. माशाला पापण्या नसतात, त्याचे डोळे मिटलेले दिसत नाहीत. म्हणून रात्रीचे दहा-बारा तास अंधार देणं हाही या जागेचाच भाग मानायला हवा.

पान कशाचं असावं, याचं उत्तर चँडलरमध्ये थोडं वेगळं द्यावं लागतं. प्लास्टिकच्या पानात वळण देण्यासाठी तार घातलेली असेल तर ती कालांतराने गंजते. त्यापेक्षा अनुबियाससारखी रुंद पानांची, मंद वाढणारी खरी वनस्पती लाकडाला बांधून वर आणलेली बरी. तिसरा पर्याय मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. मुंबईत आणि कोकणात आपण ज्याला सरसकट बदाम म्हणतो, ज्याची लालभडक पानं अंगणात पडली की खराट्याने लोटली जातात, तीच पानं वाळवून, पाकिटात घालून अमेरिकेत फायटरसाठी विकली जातात. पाण्यात सोडलं की पान काही दिवस तरंगतं, त्याच्या सावलीत नर फेसाचं घरटंही बांधतो; मग टॅनिन सुटून पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. या पानाने पाणी आम्लधर्मी होतं असं सांगतात, आणि मऊ पाण्यात ते खरं आहे. चँडलरच्या नळाला मात्र सॉल्ट, व्हर्दे आणि कोलोरॅडो या नद्यांचं आणि जमिनीखालचं जड, क्षारयुक्त पाणी येतं. त्यातले कार्बोनेट पानाच्या आम्लाला दाद देत नाहीत. तिथे बदामाच्या पानाने पाणी बदलेल ही आशा धरू नये. छत आणि बिछाना म्हणून मात्र ते पुरेपूर उपयोगी पडतं.

वाळवंटात पाण्याची ही चैन का, असंही विचारलं जाईल. टाकीतून आठवड्याला काढायचं 5 लिटर पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घातलं, तर त्यातलं थेंबभरही वाया जात नाही. खरी अडचण वेगळी आहे. कोरड्या हवेत टाकीचं पाणी झपाट्याने उडतं, पातळी उतरते, आणि काचेला पक्कं चिकटवलेलं पान एक दिवस पाण्याबाहेर कोरडं पडलेलं दिसतं. म्हणजे विसाव्याची जागा एकदा करून भागत नाही, ती सतत राखावी लागते. चँडलर गावाला हे नवं नाही. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकाम या इथल्या मूळ रहिवाशांनी कित्येक शतकांपूर्वी कालवे खणले होते. अ‍ॅरिझोना प्रांताचे पहिले पशुवैद्य डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर यांनी 1891 मध्ये इथे रान घेतलं, सिंचनाचा अभ्यास केला, 1900 पर्यंत 18,000 एकर जमवले आणि 1912 मध्ये प्लॉट पाडून गाव वसवलं. 1913 मध्ये सॅन मार्कोस हॉटेल उघडलं, थंडीत ऊब शोधत येणाऱ्यांच्या विश्रांतीसाठी. त्या हॉटेलचा आराम गाद्यागिरद्यांत असेल-नसेल. पाणी कालव्याने दाराशी आलं होतं म्हणून तिथे कुणाला आराम करता आला. वाळवंटातल्या माणसाला पाणी जवळ हवं, पाण्यातल्या या माशाला हवा. गरजेपासूनचं अंतर कमी झालं की तिथे निजता येतं, आणि ते अंतर राखणारं कुणीतरी जागं असावं लागतं. टाकीवर झाकण ठेवावं, वरची हवा दमट राहते. उडालेल्या पाण्याच्या जागी नळाचं घातलं तर क्षार साचत जातात, म्हणून तेवढ्यापुरतं स्वयंपाकघरातल्या आरओचं तांब्याभर पाणी हळूच ओतावं. पातळी पुन्हा पानाच्या वर दोन बोटं चढते, आणि मासा येऊन आडवा होतो.