पाणी ओकणारी श्वापदं

जुन्या इमारतीच्या कडेवरून मान लांबवून आ वासलेलं दगडी श्वापद म्हणजे गार्गॉइल. ते भीती घालण्यासाठी बसवलं असावं, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात ते पन्हळीचं तोंड आहे. छपराचं पाणी भिंतीवरून ओघळत राहिलं तर सांध्यांतला चुना धुपतो, ओल मुरते, शेवाळ धरतं. म्हणून श्वापदाच्या पाठीत चर कोरायचा आणि घशावाटे पाणी भिंतीपासून दूर फेकायचं. मान जितकी लांब तितकी भिंत कोरडी. त्या ताणलेल्या मानेत कारागिराची लहर आहे, पण त्या लहरीला वळण पाण्याने दिलं आहे. पॅरिसच्या नोत्र दामवर राबणारं श्वापद आणि निव्वळ शोभेचं श्वापद यांतला फरक उघड दिसतो. तिथे गार्गॉइलची परंपरा 13व्या शतकापासूनची. मात्र हातांवर हनुवटी टेकून शहर न्याहाळणारं प्रसिद्ध श्वापद 19व्या शतकातल्या जीर्णोद्धारात वास्तुकार व्हिओले-ल-द्यूकने बसवलं. ते देखणं आहे, पण पाण्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या लेखी खरा मान राबणाऱ्या श्वापदांचा.

मग एवढी विक्राळ रूपं कशाला? हा आक्षेप जुना आहे. क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने 1125च्या सुमारास मठांतल्या अशा आकृत्यांवर टीका केली: भिक्षूंचं लक्ष वाचनावरून उडतं आणि पैसाही जातो. पण त्याचा रोख चिंतनासाठी राखलेल्या ओवऱ्यांवर होता. छपराची कड ही ऊन-वादळाशी झुंजण्याची जागा. तिथे उग्र चेहरा शोभतो. दुसरा आक्षेप, हे काम नळ स्वस्तात करतो. करतो खरा. पण भिंतीआड दडवलेला नळ तुंबला, तर ओल बाहेर फुटेपर्यंत कळत नाही. गार्गॉइल तुंबलं की भर पावसात रस्त्यावरूनही दिसतं.

मुंबईत तिसरा आक्षेप निघतो, तो परकेपणाचा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, गार्गॉइल आहेत. शैली युरोपातली, सत्ता इंग्रजांची, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथल्या नक्षीकामाला जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत, आणि पाण्याला प्राण्याचं मुख देण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी मकरमुखातून बाहेर सोडणारी देवळं त्याआधी कित्येक शतकं इथे उभी होती. शिवाय वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या शहरात अशा मुखांना काम कमी पडत नाही.

म्हणून जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांना एक विनंती आहे. ही मुखं सिमेंटने बुजवून शेजारून प्लास्टिकचा नळ उतरवू नका. पावसाळ्याआधी त्यांच्या पाठीवरचे चर साफ करा, घशातला पिंपळ मुळासकट काढा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या.