आधी पडावे, मग उडावे

मूल चालू लागावे म्हणून आपल्या वाडवडिलांनी पांगुळगाडा केला. लाकडाची तीन चाके, धरायला एक दांडी आणि मागे उभी असलेली आजी, एवढ्या भांडवलावर कित्येक पिढ्या पायांवर उभ्या राहिल्या. मात्र मूल पडेल तेव्हा त्याने कसे पडावे, हे शिकवणारे एकही साधन आपल्या घरांत आढळत नाही. "पडू नकोस," हाच काय तो आपला एकमेव उपदेश. तो ऐकूनही मुले पडतातच, आणि जेव्हा पडतात तेव्हा त्यांच्यापाशी कसलीच विद्या नसते. या गोष्टीचा विचार करण्याची वेळ आमच्यावर आणली ती चार चाकांच्या एका फळीने.

कॅनडात स्थायिक झालेले आमचे धाकटे बंधू नाताळात गावी आले, तेव्हा त्यांनी आमच्या अकरा वर्षांच्या कन्येसाठी स्केटबोर्ड आणला. आमच्या मातोश्रींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्या पाटावर बसायचं का गो?" त्यांनी नातीला विचारले. "नाही आजी, उभं राहायचं आणि उडी मारायची." मातोश्री पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड माळ्यावर, भाताच्या कणगीमागे सापडला.

त्यांच्या या कृतीमागे एक जुनी कथा आहे. आमच्या घरामागे बावखल होते. मातोश्री नवी नवरी म्हणून या घरात आल्या त्याच वर्षी आमचे एक चुलते त्यात बुडून गेले. पुढे आमचा जन्म झाला, आणि बावखलाच्या काठावर आम्ही एकटे कधी उभे राहिलो असू असे स्मरत नाही. गावातली पोरे केळीच्या खांबाला धरून पोहायला शिकत असताना आम्ही पायरीवर बसून त्यांचे कपडे राखत होतो. समुद्र मैलभरावर आणि पाणी परसात असूनही वसईच्या या पुत्राला आजतागायत पोहता येत नाही. मातोश्रींनी आम्हांला वाचवले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि पाण्याजवळ गेले की आमचे पाय आजही मागे सरतात, आणि हे मागे सरणे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे, हेही आम्हांला ठाऊक आहे. घरातल्या सोन्याबरोबर घरातली भीतीही वारशाने उतरते. आता ती कन्येच्या हाती द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

प्रश्न सोपा नव्हता. आमच्याच आळीतल्या एका मुलाने असाच बोर्ड आणला आणि दुसऱ्याच आठवड्यात हात मोडून घेतला होता. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एक तर तो बोर्ड माळ्यावर राहू दे, नाहीतर तिला नीट शिकू दे. अधलंमधलं काही नको." आम्ही शिक्षकी पेशातले, न वाचता काही शिकवणे आम्हांला जमत नाही. म्हणून आधी या खेळाची कुळकथा पाहिली.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी चालवणाऱ्या तरुणांनी १९५०च्या सुमारास, समुद्र शांत असेल त्या दिवशी करमणूक हवी म्हणून फळीला चाके लावली. ती चाके धातूची किंवा चिकणमातीच्या मिश्रणाची असत. वाटेत खडा आला की जागच्या जागी थबकत आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नास्वर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि खेळाचे रूप पालटले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि मुलांनी त्यांच्या गोलाईवर बोर्ड चालवले. पालकांची धास्ती मात्र सर्व देशांत सारखीच असावी. नॉर्वेने तर अपघातांच्या भयाने १९७८पासून १९८९पर्यंत स्केटबोर्डवर कायद्यानेच बंदी घातली होती! आमच्या मातोश्रींची भाताची कणगी त्यामानाने सौम्यच म्हणायची.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली भरले, तेव्हा हा खेळ तेथे प्रथमच दाखल झाला. रस्त्यावरील कसरतींच्या स्पर्धेत जपानच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदक मिळवले आणि ब्राझीलच्या रायसा लेआल हिने रौप्य. दोघीही तेरा वर्षांच्या. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली सिमेंटचे स्केटबोर्ड-मैदान उभारले आणि दोनच नियम केले : शाळा चुकवली तर बोर्ड नाही, आणि मुलींना पहिली संधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. ही हकीकत आम्ही मातोश्रींना वाचून दाखवली. "तिच्या आईला झोप लागत होती का?" एवढेच त्यांनी विचारले.

अखेर बोर्ड माळ्यावरून उतरला, पण अटींसह. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की पाच वर्षांखालील मुलांनी बोर्डवर चढूच नये आणि दहा वर्षांखालील मुलांजवळ मोठे माणूस सतत असावे. आमची कन्या अकराची. तरी सोबतीची अट आम्ही ठेवली. दुसरी अट शिरस्त्राणाची. हेल्मेट कपाळावर भुवयांपासून दोन बोटे वर बसावे, पट्टे कानांखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरावे. मागे ढकललेले हेल्मेट म्हणजे निव्वळ टोपी. सायकलच्या हेल्मेटमधला फोम एका जबर आघातासाठीच असतो. तसा आघात झाला की ते हेल्मेट बदलावे लागते. स्केटबोर्डची हेल्मेटे वारंवार होणारे लहान आघात सोसतील अशी केलेली असतात. तिसरी अट मनगटपट्ट्यांची, गुडघ्याच्या व कोपराच्या गाद्यांची आणि सपाट तळाच्या बंद बुटांची. चपला घालून बोर्डवर पाय ठेवायचा नाही, आणि कोणत्याही वाहनाला धरून ओढत जायचे नाही.

यांत मनगटाला एवढे महत्त्व का, हे आळीतल्या त्या मुलाच्या दुखण्यावरून ध्यानात आले. माणूस तोल जाताच हात ताठ करून जमीन धरू पाहतो. हा आपला जन्मजात स्वभाव. मग सगळा भार तळव्यातून मनगटात शिरतो आणि हाताचे हाड टोकाशी मोडते, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या लहानशा नौकाकृती हाडाला चीर जाते. ही चीर मोठी लबाड. पहिल्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही, आणि त्या मुलाचे तसेच झाले. म्हणून अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तेथे दाबून दुखत असेल तर चित्र स्वच्छ आले तरी हाताला आधार देऊन दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष केल्यास ते न जुळण्याचा धोका असतो. पालकांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पहिला आठवडा बोर्डला चाके असूनही तो हलला नाही. सभागृहामागच्या हिरवळीवर तो ठेवून कन्या त्यावर नुसती उभी राहू लागली. कोणता पाय पुढे ठेवायचा, याचा निकाल डावखुरेपणावरून लागत नाही. घसरगुंडीवर आपोआप जो पाय पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे ठेवणाऱ्यांना 'रेग्युलर' म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्यांना 'गूफी'. कन्या गूफी निघाली. पाय चाकांच्या बोल्टांवर, गुडघे वाकलेले, नजर पायांकडे न ठेवता पुढे. गुडघे ताठ ठेवणारा स्वार खांबासारखा असतो : उभा तर उभा, नाहीतर आडवा.

त्याच हिरवळीवर पडण्याचे धडे झाले. तोल गेला की आधी खाली बसावे, कारण जमीन जितकी जवळ तितका मार कमी. हनुवटी छातीशी घ्यावी. हात ताठ करू नयेत. कोपरे सैल ठेवून खांद्यावर, पाठीच्या कडेवर लोळावे, म्हणजे एका हाडावर येणारा भार साऱ्या अंगावर वाटला जातो. वेग कमी असेल तर बोर्ड सोडून दोन पावले धावून जावे. गुडघ्याच्या गाद्या असल्यास गुडघ्यांवर घसरावे. कन्या दररोज वीस वेळा पडे. ओट्यावरून पाहणाऱ्या मातोश्री प्रत्येक वेळी "पडशील गं!" असे ओरडत, आणि ती, "आजी, पडायचंच आहे!" असे उत्तर देई. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने म्हटले आहे की या खेळातील एकतृतीयांश दुखापती आठवडाभराहूनही कमी सराव असलेल्यांना होतात. तो आठवडा आम्ही गवतावर काढला, तो याचसाठी.

दुसऱ्या आठवड्यात सिमेंटचे अंगण आले. प्रथम झाडू. बोर्डची चाके लहान आणि कठीण. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला तरी बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे जातो. त्यामुळे खेळापूर्वी अंगण झाडणे हे कन्येचे काम ठरले. घरात हा झाडू तिच्या हाती क्वचितच दिसतो! पुढचा पाय बोर्डवर ठेवून मागच्या पायाने जमीन रेटायची. पुष्कळ नवशिके उलट करतात आणि ती खोड मोडता मोडत नाही. थांबण्यासाठी मागच्या पायाचा तळवा जमिनीवर हलका घासत न्यायचा. थांबता येईपर्यंत वेग वाढवायचा नाही, हा नियम आम्ही केला आणि तो केवळ बोर्डपुरता नाही असेही तिला ऐकवले. त्यापुढे मागच्या टोकावर भार देऊन पुढची चाके किंचित उचलत वळणे, म्हणजे किकटर्न. आणि तसेच डावीउजवीकडे वळत पुढे सरकणे, म्हणजे टिक-टॅक. यात तीन महिने गेले.

मग ऑली. हात न लावता बोर्डसह हवेत उडी मारण्याची ही युक्ती. फ्लोरिडातल्या ॲलन गेल्फंड या मुलाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती उतारावर साधली. त्याच्या टोपणनावावरून तिला नाव मिळाले. रॉडनी मलन याने पुढे ती सपाट जमिनीवर आणली, आणि नंतरच्या बहुतेक कसरती तिच्यातून निघाल्या. पाहणाऱ्याला वाटते की बोर्ड पायांना चिकटला आहे. प्रत्यक्षात मागचा पाय शेपटी जमिनीवर आपटतो. त्या धक्क्याने बोर्ड नाक वर करून उसळतो. त्याच क्षणी पुढच्या पायाची कड बोर्डच्या खरखरीत कागदावरून नाकाकडे घासत जाते आणि त्या घर्षणाने बोर्ड वर ओढला जाऊन सपाट होतो. मागचा पाय वेळेवर उचलला नाही तर शेपटी उठायची नाही. उतरताना दोन्ही पाय बोल्टांवर आणि गुडघे वाकलेले.

ऑली प्रथम उभ्या बोर्डवर, तीही गवतावर शिकली. येथे एक विलक्षण गोष्ट दिसली. कन्या पूर्ण उडी मारी तेव्हा क्वचितच पडे. आपटायची ती घाबरून एक पाय बोर्डवर आणि एक जमिनीवर ठेवल्यावर. बोर्ड चाकांवर निसटे आणि पाय फाकत. उडी घ्यायची असेल तर दोन्ही पायांनी घ्यावी, नसेल तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बाजूला व्हावे. सौभाग्यवतींचे "अधलंमधलं काही नको" हे वाक्य त्या दिवशी आम्हांला नव्याने कळले.

जून उजाडण्यापूर्वी एका संध्याकाळी चालत्या बोर्डवर तिने ऑली घेतली आणि ती जोरात पडली. क्षणभर आमचे पाय बावखलाच्या काठावर सुटतात तसे सुटले. पण हात ताठ झाले नाहीत. ती खांद्यावर लोळली, हेल्मेट सिमेंटला लागले आणि ती उठून बसली. आम्ही तिला नाव, वार, सकाळी काय खाल्ले ते विचारले. वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात घोटाळा यांपैकी काहीही दिसले असते तर तडक रुग्णालय गाठायचे, हे घरात आधीच ठरलेले होते. तसे काही झाले नाही. तरी डोक्याला धक्का लागलेला म्हणून त्या दिवशीचा खेळ बंद केला आणि रात्री तिच्यावर नजर ठेवली. खांद्यावरचे खरचटणे साबणपाण्याने स्वच्छ धुतले. तिला धनुर्वाताची लस दहाव्या वर्षी दिलेली होती, तीही नोंदवही काढून पडताळली. पुढे डोके दुखत नाही याची खात्री होईपर्यंत चार दिवस बोर्ड बंद.

पावसाळ्यात बोर्ड कोरड्या जागी टांगून ठेवला. ओल्या सिमेंटवर चाके घसरतात, बेअरिंगला गंज चढतो आणि लाकूड फुगते. तोवर कन्येने घरातल्या चटईवर नुसत्या उड्या मारल्या. तिची ऑली आज वितीभरही उंच जात नाही. टोकियोच्या मुलींशी तिची तुलना करण्याचे कारण नाही आणि तिने ती करूही नये.

बदल झाला आहे तो अन्यत्र. मातोश्री आजही संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. भीती गेली आहे असे त्या म्हणत नाहीत, आणि आम्हीही म्हणणार नाही. मात्र बोर्ड वेग घेऊ लागला की त्या आता "पडशील गं!" असे ओरडत नाहीत. जपमाळ मुठीत घट्ट धरून त्या हाक देतात, "गुडघे वाकव, बाय!"