पिवळ्या कार्डाच्या अलीकडे-पलीकडे

6 फेब्रुवारी 2023, होर्सेन्सजवळ, डेन्मार्क
सकाळी फार्मवर; इथल्या डुकरांचा पशुवैद्य मी. नुकतंच दूध तोडलेल्या पिल्लांच्या खोलीत हगवण लागलीय. सात-साडेसात किलोची पिल्लं, शेपटीखाली पिवळट ओल, कुशी आत गेलेल्या. मालक एवढंच म्हणाला, "झिंक होतं तोवर हे नव्हतं."

बोलतोय ते खरंच. गेल्या जूनपर्यंत दूध तोडल्यावर चौदा दिवस खाद्यात झिंक ऑक्साइड घालता येत होतं, टनाला अडीच किलो झिंक बसेल इतकं. युरोपीय संघाने ते बंद केलं. डुकरांच्या खतातून जस्त जमिनीत साठत जातं, शिवाय औषधांना दाद न देणारे जंतूही त्यावर पोसले जातात. निर्णय पटतो. हगवण मात्र आमच्या पदरात आली.

पाण्यातून अख्ख्या खोलीला औषध सोडायचं तर आधी तपासणी हवी. बुटांवर सुती मोजे चढवले, कप्प्याकप्प्यातून फिरलो आणि विष्ठेने माखलेले ते मोजे पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे धाडले. पिल्लांना हा खेळ वाटतो. एकाने मोजा ओढून जवळजवळ काढलाच.

7 फेब्रुवारी
संध्याकाळी व्हेटस्टॅट उघडून बसलो. इथे जनावरांसाठी लिहिलेलं प्रत्येक औषध 2000 सालापासून या नोंदवहीत चढतं: फार्मचा क्रमांक, जनावराचा वयोगट, तक्रार कसली. किलो-ग्रॅमऐवजी हिशोब दिवसाच्या मात्रांचा. 2010 मध्ये पिवळं कार्ड, म्हणजे औषध जास्त वापरणाऱ्या फार्मला सरकारी ताकीद, आलं तेव्हा दूध तुटलेल्या पिल्लांसाठी मर्यादा होती शंभरामागे 28 मात्रा; पुढे ती उतरवत नेली. 28 म्हणजे कुठल्याही दिवशी शंभरातली 28 पिल्लं औषधावर! नऊ महिन्यांची सरासरी त्याच्या वर गेली की कार्ड, आणि खाली आणायला पुढचे नऊ महिने.

यात एक मेख आहे. मात्रा मोजताना पिल्लू पंधरा किलोचं धरतात. सात किलोच्या पिल्लाला दिलेलं औषध वहीत निम्मंच दिसतं, पंचवीस किलोच्याला दिलेलं दीडपटीहून जास्त. आमच्या मालकाला हे तोंडपाठ आहे. कर भरणाऱ्याला कायदा अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतो, तसंच.

9 फेब्रुवारी
शिरवळच्या कॉलेजातल्या मित्राचा फोन. तो सातारा भागात कोंबड्या आणि थोडी डुकरं बघतो. पिवळ्या कार्डाचं सांगितलं तर खो खो हसला. "अरे, इथं आधी दुकानदार डॉक्टर, मी नंतर. पुड्या संपल्या की मला फोन येतो. कुणाचं कार्ड काढणार?" जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक वापरायला भारतात जुलै 2019 मध्ये बंदी आली, हे त्याला नीट माहीत आहे. पण कुठल्या फार्मवर काय किती गेलं, याची वहीच नाही.

त्याला म्हटलं, कार्ड सोड, त्याआधीचं बघ. 1995 मध्ये डेन्मार्कने पशुवैद्याचा औषधविक्रीतला नफा जवळजवळ काढून घेतला. मी काय लिहितो यावर माझी मिळकत ठरत नाही. त्याच वर्षी ॲव्होपार्सिन हे वाढीसाठी खाद्यात घालायचं औषध बंद झालं, कारण त्याने माणसांच्या व्हॅन्कोमायसिन या औषधाला न जुमानणारे जंतू वाढत होते. 1999 संपेपर्यंत वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिकं डुकरांच्या खाद्यातून गेली, आणि धंदा बुडाला नाही: साठेक लाख माणसांच्या या देशात वर्षाला तीन कोटींच्या वर डुकरं निघतात. मला विचाराल तर कार्डापेक्षा नफ्याचा तो निर्णय मोठा. मित्र म्हणाला, "मग आमचं घर कसं चालायचं, ते पण लिही."

13 फेब्रुवारी
मोज्यांचा निकाल आला: ई. कोलाय. मालकाचा प्रश्न ठरलेला, "वहीत कमी दिसेल असं काय देता?"

हा प्रश्न सरकारलाही ठाऊक होता. नुसत्या मात्रा मोजल्या तर मालक माणसांसाठी जपून ठेवायच्या औषधाकडे वळणार. म्हणून 2016 पासून औषधागणिक गुणक आहेत: फ्लुरोक्विनोलोन आणि नव्या सेफॅलोस्पोरिनची एक मात्रा दहा धरली जाते, 2017 पासून कोलिस्टिनचीही. टेट्रासायक्लिनलाही थोडा जास्त भार. त्यामुळे आता सगळ्यांचा ओढा निओमायसिनकडे. आकड्याची वाट जिथून मोकळी, तिथूनच औषध वाहतं.

मीही निओमायसिनच लिहिलं, पण हगवण असलेल्या कप्प्यांपुरतं. मग मूळ मुद्दा काढला: दूध आठवडाभर उशिरा तोडा, सुरुवातीच्या खाद्यातली प्रथिनं उतरवा. त्याने थेट हिशोबाचा कागद पुढे केला. पिल्लं आठवडाभर जास्त आईजवळ राहिली तर व्यायच्या माद्यांना जागा नाही. प्रथिनं उतरवली तर वाढ मंदावते आणि खाटिकखान्याची गाडी हुकते. आकडे त्याचे खोटे नव्हते. तासभर घासाघीस केली. शेवटी प्रथिनांवर तयार झाला, तेही एका खोलीपुरतं. दूध उशिरा तोडण्याला साफ नाही म्हणाला.