भरताचं जवळ असणं

आमच्या घरात प्रार्थना म्हणजे आवाज. तिन्हीसांजेला दिवा लागला की आजी हरिपाठ धरायची आणि आम्ही पोरं टाळ बडवत मागे ओढायचो. आजोबा मात्र तो आटोपल्यावर पाच मिनिटं तसेच बसून राहत. मला म्हणायचे, “देवाला काही सांगू नको गं. त्याला ठाऊक आहे. नुसती बस.”

ही रीत त्यांनी विनोबांच्या पदयात्रेतून आणलेली. १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि विनोबा पुढं वर्षानुवर्षं देशभर चालत राहिले. गावागणिक भाषा वेगळी, धर्म वेगळा. एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या तोंडी बसेना. म्हणून सभेत सगळ्यांनी मिळून मौन धरायचं, ज्याने त्याने आपल्या देवाला मनात आठवायचं. आजोबांना यात विनोबांचं मोठं औदार्य दिसे. मलाही दिसतं. पण त्याचा अर्थ कळायला आईचं आजारपण यावं लागलं.

रुग्णालयातल्या त्या दिवसांत मागून मागून माझे शब्द संपले. मग आईच्या खाटेशी नुसती बसू लागले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंची बहीण हातात तसबी घेऊन बसलेली असायची, ओठ मिटलेले. आम्ही फारसं बोललो नाही. पण संध्याकाळी मला यायला उशीर झाला की त्या माझ्यासाठी स्टूल अडवून ठेवत. आई गेली, तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता.

नंतर बरीच वर्षं बसत राहिले, आणि खरं सांगायचं तर काहीच जाणवत नव्हतं. प्रकाश नाही, शांती नाही. देव जवळ आला म्हणावं असं काही नाही. अशात पवनारला गेले. धाम नदीकाठी, विनोबांनी १९५९ साली साधक स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प आहे. तिथलीच जमीन खणताना ते सापडलं. ते सापडण्याच्याही आधी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत शेजारी उभे केले होते. लक्ष्मण सदैव रामापाशी. भरत चौदा वर्षं दूर, राज्याचं ओझं वाहत, तरी रामापासून तसूभरही न हललेला.

त्या शिल्पापुढे मी खूप वेळ उभी होते. भरताला राम दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता. त्या वर्षांत त्याला काय जाणवत असेल, हे मला ठाऊक नाही. तो काय करत होता, ते रामकथा सांगणारे सांगतात. माझ्या बसण्यातली सगळी तगमग तिथं उतरली. जाणवावं, हीसुद्धा मागणीच होती की!

आता पहाटे बसते. श्वासाबरोबर रामाचं नाव, मग तेही हळूहळू विरतं. मध्येच गॅसचं बुकिंग आठवतं, भावाशी झालेलं भांडण आठवतं. हाकलत नाही, रामासमोरच असू देते. भावाला फोन करायचं बळ अशाच एका सकाळी आलं.

लेकीला भरताची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “पण आई, भरताकडे पादुका तरी होत्या.”

“माझ्याकडे नाव आहे,” मी म्हटलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मला अगदी आतून पटलेलं आहे.