मुंबईचा सर्व्हर, नागपूरचा माणूस
कमांड लाइनवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणारे आम्ही लोक माउसवाल्यांकडे जरा वरूनच पाहतो. ही घमेंड आहे, आणि ती सुटेलसं वाटत नाही. पण एका बाबतीत त्यांची खिडकी आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. 'यूजर्स अँड कम्प्युटर्स' उघडलं की वरच, कंसात, डोमेन कंट्रोलरचं नाव असतं. आमच्याकडे सर्व्हर दिला नाही तर लोकेटर डीएनएसला विचारून शक्यतो आपल्याच साइटमधला कंट्रोलर पकडतो आणि कमांड निमूट चालते. नव्या मुलांना शिकवायला लागल्यापासून हा निमूटपणाच मला खुपतो.

पॉवरशेल 3 पासून, म्हणजे 2012 पासून, 'पीएसडिफॉल्टपॅरामीटरव्हॅल्यूज'मध्ये एक ओळ लिहिली की एडीच्या सगळ्या कमांड्सना तोच सर्व्हर मिळतो. मुलं याला टायपिंग वाचवायची सोय समजतात. माझ्या मते तो निर्णय आहे : डिरेक्टरीच्या कोणत्या प्रतीवर आधी लिहायचं? साइटच्या आत बदल काही सेकंदांत पसरतो. दोन साइट्समध्ये मूळ सेटिंग 180 मिनिटांचं असतं. समजा, मुंबईत बसून नागपूरच्या कर्मचाऱ्याला ग्रुपमध्ये घेतलं. तो लॉगऑफ करून परत आला तरी त्याचे ग्रुप नागपूरचा कंट्रोलर ठरवणार, आणि तिथे ही बातमीच नाही. फोल्डर उघडत नाही. मुंबईकडे तपासावं तर सगळं चोख! तेव्हा सर्व्हर माझ्या जवळचा नको, त्याच्या जवळचा हवा.

यावर कोणी म्हणेल, पीडीसी एम्युलेटरच कायमचा नेमा. पासवर्डच्या कामाला ते ठीक, कारण बदललेला पासवर्ड बाकीचे कंट्रोलर त्याला लगेच कळवतात. ग्रुपला ही सवलत नाही. पीडीसी मुंबईत असेल तर नागपूर ताटकळतच राहणार. दुसरा म्हणेल, ओळ प्रोफाइलमध्ये टाका आणि विसरा. हे 'विसरा'च घातक. शेड्यूल्ड टास्क बहुधा वेगळ्या खात्यावर चालतो, त्याला तुमचं प्रोफाइल दिसत नाही. तीच स्क्रिप्ट दिवसा हाताने एका सर्व्हरवर चालते आणि रात्री लोकेटर नेईल तिथे. म्हणून स्क्रिप्टमध्ये सर्व्हर उघड लिहावा. हाताने काम करताना डिफॉल्ट त्या सेशनपुरताच नेमावा आणि प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव दिसू द्यावं. प्रॉम्प्ट लांबतो, ही तक्रार खरी आहे. मी त्यातून पाथ काढून टाकला.