सरहद्दीवरील आतिथ्य

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मध्य प्रदेशाच्या हद्दीत एखाद्या बेटासारखा राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. या बेटातून आज एकटाच सायकलीने निघालो. संत्र्यांच्या बागांमधून जाताना चाकातील हवा गेली, तेव्हा शेतातून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी नातवाला पंप आणावयास पिटाळले आणि मी खिशात हात घालताच म्हणाले, "पैशाचं राहू द्या भाऊ, आधी पाणी प्या."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव परस्परांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत माणसे जायबंदी होतात, प्रसंगी प्राणासही मुकतात, आणि तिची वार्ता दरसाल दूरवर पोहोचते. परंतु एरवी याच भूमीत अपरिचित वाटसरूची विचारपूस त्याच्या जातीपासून नव्हे, तर तहानेपासून सुरू होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. एखाद्या मुलखाची पारख त्याच्या एका दिवसावरून करणे हा निखालस अन्याय होय.